न मरणारी झाडं

भैरवीबाई पुण्याला गेल्या आणि नवव्या दिवशी शेवंती गेली.

हेर्लेकर सरांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. मार्च संपत आला होता, शेवंतीचा हंगामही उलटला होता, आणि एवढ्या मोठ्या बागेत एखादं झाड इकडंतिकडं व्हायचंच. पण पुढच्या आठवड्यात मोगऱ्याची पानं पिवळी पडायला लागली, दोन गुलाबांनी एकाच दिवशी माना टाकल्या, आणि अनंताच्या कळ्या न उमलताच गळून पडल्या. तेव्हा मात्र सरांनी ते मनावर घेतलं.

यज्ञेश्वर हेर्लेकर कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवत होते. मुलगी अवंतिका पुण्यात, तिचं पहिलं बाळंतपण, म्हणून भैरवीबाई पाच महिन्यांसाठी तिकडं गेल्या होत्या. जाताना बावीस कुंड्या आणि फाटकाच्या कमानीवर चढलेली जुई त्यांनी नवऱ्याच्या स्वाधीन केली. सूचना एकच होती. "रोज मातीत बोट घालून बघा. कोरडं लागलं तर पाणी घाला, ओलं लागलं तर राहू द्या."

सरांना ही सूचना अजिबात पटली नव्हती. बोट हे काही मोजमाप नव्हे. कोणाचं बोट, किती खोल, सकाळी की संध्याकाळी, याचा कशाचाच उलगडा त्यात नव्हता. त्यांनी बाजारातून एक लिटरचं प्लॅस्टिकचं माप आणलं आणि प्रत्येक कुंडीला सकाळी एक आणि संध्याकाळी एक असा नियम घालून दिला. पानं गळायला लागली तेव्हा झाड तहानलंय असा निष्कर्ष काढून त्यांनी दोन लिटर केलं. पाण्यात बुडणारं झाड आणि पाण्यावाचून सुकणारं झाड दोन्ही अगदी सारखीच मान टाकतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. माप बाकी दर वेळी अगदी काठोकाठ भरलेलं असे.

शेजारी सयाजी खराडे राहत. घराच्या पाठीमागं गोठा, गोठ्यात तीन म्हशी, आणि दोन्ही घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत. त्या भिंतीवर कोपरं टेकून सयाजीराव आठवडाभर हा जलाभिषेक बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"सर, काय करालायसा हे? एवढं पाणी माझी चंद्री बी पीत न्हाय."

"पानं पिवळी पडलीत हो."

"पडतील न्हायतर काय. मुळं कुजली की त्यांची." सयाजीराव भिंतीवरून अर्धे आत वाकले आणि एका कुंडीचा वास घेतला. "पाणी बंद करा. आन् माझ्याकडचं शेणखत घाला बुडात. ढीग हाय बघा मागं, लागंल तेवढं न्या."

सरांनी पाणी बंद केलं आणि शेणखत आणलं. सयाजीरावांच्या परसात ढीग दोन होते. एक वर्षभर कुजलेला, काळा, चहापत्तीसारखा भुसभुशीत. दुसरा त्याच दिवशीचा. दुसरा ढीग फाटकापासून जवळ होता. ताज्या शेणाला उष्णता असते आणि तिनं मुळं भाजून निघतात, ही माहिती सरांना चार दिवस उशिरा मिळाली. तोवर मोगरा, दोन्ही गुलाब, अनंत आणि सगळी जरबेरा इहलोक सोडून गेली होती.

समोरच्या बंगल्यातले गुरुप्रसाद हे कॉलनीचे सेक्रेटरी. त्यांनी ताक घालायला सांगितलं. त्यांच्या मोबाइलवर तसं आलं होतं. सरांनी ताकही घातलं. मुंग्या आल्या.

दर रविवारी चार वाजता पुण्याहून व्हिडिओ कॉल यायचा. नातीचं तोंड बघून झालं की भैरवीबाई म्हणायच्या, "बाग दाखवा." सर फोन हातात धरून बागेतून झपझप चालत जायचे. "रेंज नाही गं इथं," असं म्हणत ते मोगऱ्याच्या जागेवरून जवळजवळ पळायचे. एका रविवारी त्यांना युक्ती सुचली. चार वाजता ते समोर गुरुप्रसादांच्या कंपाउंडपाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांचा मोगरा दाखवला. मोगरा टवटवीत होता.

"छान फुललाय," भैरवीबाई म्हणाल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, "पण त्याच्यामागं गुरुप्रसाद भावजींचा बनियन कसा काय वाळतोय?"

"त्यांच्याकडची दोरी तुटली," सर म्हणाले.

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. मोगरा, गुलाब नवे आणता येतात. पण मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात जुई गेली, आणि सरांचं जेवणावरून मन उडालं.

जुईची गोष्ट वेगळी होती. भैरवीबाईंचं माहेर आजऱ्याचं. आई गेली, भावांनी नऊ वर्षांपूर्वी घर विकलं, तेव्हा भैरवीबाईंनी वाटणीत काही मागितलं नाही. अंगणातल्या जुईची एक फांदी तेवढी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. ती रुजेपर्यंत त्यांचं घरात लक्ष नव्हतं. मग ती कमानीवर चढली आणि दर पावसाळ्यात संध्याकाळी फाटक उघडलं की वास यायचा. तो वास आला की भैरवीबाई पिशवी हातात तशीच धरून मिनिटभर उभ्या राहायच्या. सर हे सगळं बघत आले होते. आता कमानीवर वाळलेल्या काड्यांचं जाळं उरलं होतं. सरांनी एक काडी वाकवून बघितली. ती कट्कन मोडली. तिचा आवाज त्यांना दिवसभर ऐकू येत राहिला.

बायकोला खरं सांगावं, असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. दोनदा फोन हातातही घेतला. पण बाळ तीन आठवड्यांचं, अवंतिकाला झोप नाही, भैरवीबाई दमलेल्या. अशा वेळी हे कसं सांगायचं? शिवाय जे सांगायचं ते कोणत्या शब्दांत सांगायचं हेही ठरेना. तेव्हा त्यांनी ठरवलं, की भैरवीबाई गणपतीला परत येईपर्यंत बाग भरून काढायची. आणि या वेळी मरणारी झाडं आणायचीच नाहीत.

गारगोटी रस्त्याला धोंडुबाईंची रोपवाटिका होती. सर तिथं गेले आणि म्हणाले, "न मरणारी झाडं द्या."

धोंडुबाई पिशव्यांत माती भरत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं. "मागली किती मारलीसा?"

"चौदा."

"कशानं?"

"पाण्यानं. थोडी शेणानं."

धोंडुबाईंनी हात झटकले आणि उभ्या राहिल्या. पुढचा अर्धा तास त्यांनी सरांची जी तोंडी परीक्षा घेतली, तशी सरांनी तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याची घेतली नव्हती. ऊन कुठल्या बाजूनं येतं, किती वेळ टिकतं, भिंत किती उंच, पाणी साचतं का, घरात माणसं किती. सरांना निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. ज्या घरात बावीस वर्षं राहिलो त्याच्या मागच्या भिंतीवर ऊन कधी पडतं हे आपल्याला ठाऊक नाही, याची त्यांना लाज वाटली.

"हे बघा सर," धोंडुबाई म्हणाल्या. "चिवट झाडं लई हायत. पर चिवट म्हंजे काय एकाच सोभावाची नसत्यात. ही कोरफड, हिला इसरून गेलं की बरी वाढती. ही सदाफुली, बी पडंल तिथं उगवती, फरशीच्या फटीत बी. अडुळसा आपला सरळ वर जातोय, छाटला की परत फुटतोय. तगर सावलीत चालती. कण्हेर उन्हात. कुणाला कसं वाढायचंय ते आदी बघायचं, मग जागा द्यायची."

सरांनी सगळी घेतली. मग हळूच म्हणाले, "आणि कमानीवर चढवायला काहीतरी पाहिजे. गणपतीपर्यंत कमान भरली पाहिजे. लवकर वाढणारं."

"मधुमालती हाय. पर सर, तिला कमान म्हंजे निस्ती सुरुवात. जे बिगीनं वाढतंय ते आपुन म्हनू तिथं थांबत न्हाय."

"फुलं पांढरी असतात ना?"

"संध्याकाळी पांढरी. सकाळी गुलाबी. दुसऱ्या दिवशी लाल."

संध्याकाळी पांढरी, एवढंच सरांनी ऐकलं.

घरी येऊन त्यांनी झाडं उंचीप्रमाणे, प्रार्थनेला मुलं उभी करतात तशी रांगेत लावली. सगळ्यात उंच कण्हेर म्हणून ती शेवटी, सयाजीरावांच्या भिंतीला लागून. दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजीराव नेहमीसारखे भिंतीवर टेकले आणि एकदम सरळ झाले.

"सर, ही कण्हेर हाय व्हय?"

"हो. फार चिवट असते म्हणे."

"ती चिवट असंल, माझी चंद्री न्हाय. ह्याचा पाला म्हशीनं तोंडात घेतला तर जागची उठायची न्हाय. इख हाय ते. आन् ती भिंतीवरनं मान काढती, तुम्ही बघताय की रोज."

सरांनी भिंतीकडं पाहिलं. चंद्री खरोखरच भिंतीवरून मान काढून नव्या झाडांकडं बघत होती. तिच्या आणि कण्हेरीच्या मध्ये फार तर दीड हात अंतर होतं. सरांनी कुंडी तिथल्या तिथं उचलली आणि थेट गच्चीवर नेली. कंबरेत कळ आली ती आली, पण खाली गळालेली पानं किती होती आणि ती कुठं गेली, याचा हिशेब लागेना. दुपारी चंद्रीनं वैरणीला तोंड लावलं नाही अशी बातमी आली. सर गोठ्यात जाऊन बसले. सयाजीरावांच्या आई चिमणाबाई त्यांना चहा देत होत्या आणि सर चंद्रीच्या डोळ्यांत बघत होते. त्यांना आयुष्यात कधी कोणाच्या रवंथाची एवढी वाट बघावी लागली नव्हती. संध्याकाळी गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी पोट तपासलं आणि आदल्या दिवशी कोणाच्या तरी वास्तुशांतीचा उरलेला मसालेभात म्हशीला घातला होता, तो बाधलाय, असं सांगितलं.

"माझंच चुकलं," चिमणाबाई म्हणाल्या. "टाकून द्यायचं जिवावर आलं."

सर घरी आले आणि अंथरुणावर आडवे झाले.

मधुमालतीनं पहिला सव्वा महिना काहीच केलं नाही. ती कमानीच्या बुडाशी झुडपासारखी बसून राहिली. सर रोज सकाळी फूटपट्टी लावत. जून संपला. कमान उघडीच्या उघडी. रात्रंदिवस पाऊस लागला, पंचगंगा रोज चढायला लागली, सगळी कॉलनी मोबाइलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत होती आणि हेर्लेकर सर छत्री धरून मधुमालतीची पातळी बघत होते. बंधारा एकोणचाळीस फुटांवर गेला. मधुमालती तीन फूट होती.

अशाच एका हताश शनिवारी, पाऊस जरा उघडल्यावर, ते आजऱ्याच्या एसटीत बसले.

जायचं कारण त्यांनी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. सासुरवाडीचं घर नव्या मालकानं पाडून तिथं दोन मजले उठवले होते, आणि अंगणाच्या जागी फरशी. जुई असण्याचा प्रश्नच नव्हता. सर रस्त्यावर उभे होते तोच पलीकडच्या घरातून एक म्हातारी काठी टेकत बाहेर आली. त्या विठाबाई. सासूबाईंच्या मैत्रीण, वय ऐंशीच्या पुढं, आणि कान पार गेलेले.

"जावईबापू न्हवं का तुम्ही? भैरवीचं?"

सरांनी वाकून नमस्कार केला आणि सगळी हकिगत सांगितली. विठाबाईंनी मान हलवली. सरांनी पुन्हा सांगितली, जरा मोठ्यानं. मग तिसऱ्यांदा, इतक्या मोठ्यानं, की नव्या बंगल्यातली माणसं गॅलरीत आली. बायकोची जुई मारल्याची कबुली त्यांनी कोल्हापुरात कोणाजवळ दिली नव्हती. आजऱ्यात ती भर रस्त्यात झाली.

"कळलं, कळलं. वरडू नगासा," विठाबाई म्हणाल्या. "तुमच्या सासूनंच दिल्यालं रोप हाय माझ्याकडं. या."

मागच्या दारी एक वेल छपरावर गेला होता. त्याची एक फांदी खाली मातीला टेकली होती आणि टेकली तिथं तिला मुळं फुटली होती. विठाबाईंनी विळ्यानं ती तोडली, मातीसकट नारळाच्या करवंटीत घातली आणि सरांच्या हातात दिली.

"आता हिला काय करू नगासा. पयलं वरीसभर ही खाली मुळं धरती, वर काय दिसत न्हाय. निस्तं बघत ऱ्हावा."

"नुसतं बघायचं?" सरांनी खुणेनं विचारलं.

"बघायचं बी लई न्हाय."

परतीच्या एसटीत सर करवंटी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, "पावणं, प्रसाद काय?" सर हो म्हणाले.

ते रोप त्यांनी एका छोट्या कुंडीत लावलं आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात ठेवलं. त्याला चार पानं होती. पाणी घालायचं माप त्यांनी सयाजीरावांना दूध मोजायला देऊन टाकलं आणि रोज सकाळी डोळे मिटून मातीत बोट घालायला सुरुवात केली.

आणि इकडं, सरांनी चार दिवस दुसरीकडं बघावं याची वाट बघत असल्यासारखी, मधुमालती सुटली.

जुलैच्या शेवटी तिनं कमान गाठली. पुढच्या आठवड्यात कमान भरली आणि सरांनी समाधानाचा श्वास सोडला. त्याच्या पुढच्या आठवड्यात कमानीचं काम संपलेली मधुमालती रस्त्यावरच्या विजेच्या खांबाकडं वळली. तिचं एक टोक खांबावर, एक सयाजीरावांच्या टीव्हीच्या छत्रीवर, आणि एक जमिनीखालून जाऊन थेट तुळशीजवळ वर आलं. सर कापत होते, पण एक टोक कापलं की तिथून तीन फुटत. संध्याकाळी पांढरी फुलं यायची आणि सकाळी, धोंडुबाईंनी सांगितल्याप्रमाणे, सगळं फाटक गुलाबी.

खांबावर कॉलनीचा कॅमेरा होता. पंधरा ऑगस्टनंतर गुरुप्रसाद स्वतः नोटीस घेऊन आले. "सर, वाईट वाटून घेऊ नका. पण गेले आठ दिवस कॉलनीच्या सुरक्षेचं सगळं चित्रीकरण म्हणजे तुमची फुलं आहेत. सात दिवसांत काढा."

विजेच्या खांबाला आपण होऊन हात लावायचा नाही, एवढं सरांना ठाऊक होतं. म्हणून ते कार्यालयात गेले. कोणत्या, ते विचारू नये. तिथले साहेब म्हणाले, "खांब आमचा, वनस्पती तुमची. झाड असेल तर तोडायला परवानगी लागते. ती झाड नसल्याचं पत्र आणा, म्हणजे माणूस पाठवतो." सर दुसऱ्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, "झाड आहे की वेल?" सर म्हणाले, "आधी झुडूप होती. आता वेल आहे." बाईंनी चष्मा काढला. "सर, एक काहीतरी सांगा." वेल सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग आमच्याकडे येत नाही. झाड असल्याचं पत्र आम्ही देतो. नसल्याचं देत नाही." सरांनी चार दिवस या दोन खुर्च्यांमध्ये काढले. त्यांच्या हाताखालून शिकून गेलेली शंभरेक मुलं कुठल्या ना कुठल्या कार्यालयात होती, पण या दोन खुर्च्यांत एकही निघालं नाही.

शेवटी सातव्या दिवशी कसा कोण जाणे, वायरमन आला. कॉलनीचा वीजपुरवठा बंद करून तो खांबावर चढला. पंखे बंद पडले तशी माणसं बाहेर आली. सयाजीराव खाली विळा घेऊन, गुरुप्रसाद सूचना देत, चिमणाबाई खुर्ची टाकून, आणि सर दोन्ही हातांनी शिडी धरून. वरून हिरवे ढिगारे खाली पडत होते. नेमकी त्याच वेळी एक रिक्षा येऊन थांबली.

"ताई, घर कुठलं तुमचं?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"तेच बघतेय," भैरवीबाई म्हणाल्या.

त्या दोन दिवस आधी आल्या होत्या. अवंतिकाच्या सासूबाई तिकडं पोचल्या होत्या म्हणून. सरांनी शिडी सोडली, मग वायरमन ओरडला म्हणून पुन्हा धरली. तशी शिडी धरूनच, सगळ्या कॉलनीच्या देखत, त्यांनी पाच महिन्यांची हकिगत सांगितली. ठरवलेलं भाषण होतं, ते आठवलंच नाही. शेवंतीपासून सुरुवात केली आणि माप, शेण, ताक, बनियन, कण्हेर असं करत जुईपर्यंत आले.

"जुई गेली," ते म्हणाले. "मेमध्येच. माझ्या हातानं."

भैरवीबाई कमानीकडं बघत होत्या. सयाजीरावांनी विळा खाली ठेवला.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कमान कधी दाखवतच नव्हता." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि बॅग उचलून आत गेल्या.

वायरमन उतरला तसे सर धावत व्हरांड्यात गेले आणि कोपऱ्यातली कुंडी घेऊन आत आले. चारची सात पानं झाली होती. "आजऱ्याहून आणलीय. विठाबाईंकडून. तुझ्या आईनंच त्यांना दिलेल्या रोपाची. अगदी तीच जुई."

"तुम्ही आजऱ्याला गेला होतात?"

"एसटीनं."

भैरवीबाईंनी कुंडी हातात घेतली. एक पान बोटांवर धरून उलटंसुलटं केलं. मग खिडकीजवळ जाऊन उजेडात पुन्हा पाहिलं.

"ही जुई नाही."

सर कुंडीवर वाकले.

"जुईला एका पानाला दोन बारके कान असतात. ही बघा, जोडी जोडीनं किती पानं आहेत एका काडीला. ही जाई आहे." भैरवीबाई खुर्चीवर बसल्या. "विठामावशींना ऐकू कुठं येतंय. तुम्ही जुई म्हणालात, त्यांनी जाई ऐकलं."

"मी परत जातो," सर म्हणाले. "उद्याच जातो."

पण भैरवीबाईंचं लक्ष नव्हतं. "मागच्या दारी आडावर होती आमच्या. मी सातवीत असताना आड बुजवला, तेव्हा गेली. आई दोन दिवस जेवली नव्हती." त्या पानाकडं बघत राहिल्या. "कळ्या बाहेरून गुलाबी असायच्या हिच्या. मी तर विसरूनच गेले होते हो. विठामावशीकडं अजून आहे ती?"

"छपरावर गेलीय."

"विठामावशीचा फोन आहे का?"

नंबर विठाबाईंच्या सुनेचा होता, सरांनी तो लिहून आणला होता. भैरवीबाईंनी कुंडी सरांच्या हातात दिली आणि नंबर फिरवला. "बाकीच्या झाडांचं मी उद्या बघते तुमच्याकडं," त्या जाता जाता म्हणाल्या, आणि मग पलीकडून कोणी उचलल्यावर त्यांचा आवाज इतका चढला की भिंतीवरून चंद्रीनं मान काढली. "मावशी, मी भैरवी. भैरवी. आजऱ्याची भैरवी हो. अहो, जाई मिळाली. जाई. नाही, बाळाचं नाव नव्हे ते."

कुंडी कुठं ठेवायची, ऊन कोणत्या बाजूला असावं, हे सरांना विचारायचं होतं. पण फोन लवकर संपायची चिन्हं नव्हती. बाहेर सयाजीराव कापलेली मधुमालती ओढून नेत होते. सर कुंडी दोन्ही हातांत धरून व्हरांड्यात येऊन उभे राहिले.